मालिका संपल्यानंतरची रिकामी वेळ

घरातील ज्येष्ठ व्यक्तीची आवडती मालिका बंद झाली की त्या घरात साधारणपणे दोन प्रतिक्रिया उमटतात. ज्येष्ठ व्यक्ती काहीशी गप्प होते आणि तरुण मंडळी हसून म्हणतात, ‘‘अहो बाबा, मालिकाच तर होती! दुसरी लावा.’’ म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु बाबांचे नेमके काय गेले, हे त्याच्या लक्षात आलेले नसते, आणि बाबांनाही ते शब्दांत सांगता येत नाही. मालिका संपल्याचे दुःख हे दुःखच असते काय, ते किती काळ राहावे, आणि त्या काळात घरच्यांनी कशाकडे लक्ष द्यावे, याचा विचार आजच्या लेखात करावयाचा आहे.

वीस वर्षांचा पाहुणा

उदाहरण म्हणून बहुतेक वाचकांच्या परिचयाची ‘सीआयडी’ ही मालिका घेऊ. सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी ती सुरू झाली. भाषा हिंदी असली तरी मराठी घरांना ती कधी परकी वाटली नाही. निर्माते बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलीस मालिकेत एकत्र काम केले होते. साटम मूळचे बँकेत नोकरी करणारे, रंगभूमीवरून आलेले अस्सल मुंबईकर. एसीपी प्रद्युम्न, अभिजित, दारे तोडणारा दया, हसवणारा फ्रेडरिक्स आणि प्रयोगशाळेतील डॉ. साळुंखे ही मंडळी पाहता पाहता घरची झाली. रक्ताचा डाग, केसाचा तुकडा, विषाचा अंश यांवरून गुन्हेगारापर्यंत पोहोचणारी ती प्रयोगशाळा पुष्कळदा शास्त्राला सोडून कल्पनेच्या राज्यात शिरत असे. पण प्रेक्षकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. सन २००४ मध्ये या मंडळींनी १११ मिनिटांचा एक भाग मध्ये कोठेही न थांबता सलग चित्रित केला. त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली.

पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये मालिका थांबणार असल्याची बातमी आली. वाहिनीने त्याला ‘विश्रांती’ म्हटले, पण प्रेक्षकांना अर्थ कळला. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी शेवटचा, म्हणजे १५४७ वा भाग दाखवला गेला. मालिका वाचवा, अशी मोहीम देशभरातील चाहत्यांनी चालवली. आपले बालपण संपल्याची भावना तरुणांनी बोलून दाखवली, आणि ती वर्तमानपत्रांतून छापूनही आली. तरुणांपाशी आपले दुःख मांडण्यासाठी समाजमाध्यमे होती. ज्या घरांत सत्तरीचे आजी-आजोबा शनिवार-रविवारच्या रात्री याच मंडळींची वाट पाहत बसत, त्या घरांतील दुःख मात्र कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

आपल्या नवी मुंबईत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींतून असंख्य कुटुंबे वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोलीच्या वसाहतींत राहावयास आली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी दूरचित्रवाणी संच असे आणि सारा मजला तेथे जमत असे. कार्यक्रम पाहणे हाच मुळी शेजार होता. सदनिकेत आल्यावर प्रत्येक घरात संच आला आणि प्रत्येक दार बंद झाले. पुढे मुले नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळूरुस, परदेशी गेली. मग ठरावीक वेळी ठरावीक माणसे घरात आणणारा तो पडदा हाच पुष्कळांचा शेजारी झाला. असा शेजारी एक दिवस अचानक घर सोडून गेला, तर माणसाला चुकल्यासारखे वाटणारच.

एकतर्फी स्नेहाचे शास्त्र

या नात्याचा अभ्यास फार पूर्वी सुरू झाला आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये एका निबंधात असे दाखवून दिले, की पडद्यावर वारंवार दिसणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एक प्रकारचे स्नेहबंध जुळतात. समोरच्या व्यक्तीला आपण ठाऊकही नसतो, म्हणून हा स्नेह एकतर्फी. परंतु आपल्या बाजूने पाहिले तर त्यात खऱ्या ओळखीतील पुष्कळ गोष्टी असतात. त्या व्यक्तीचे बोलणे, चिडणे, चालणे आपल्याला पाठ असते. ती आपल्याला न दुखावता दर आठवड्याला भेटते, उसने मागत नाही, तब्येतीबद्दल टोचून बोलत नाही. थकलेल्या माणसाला अशी ओळख सोपी वाटते, यात नवल नाही.

असे पात्र पडद्यावरून गेल्यावर काय होते, याचा अभ्यास इस्रायलमधील जोनाथन कोहेन यांनी केला. त्यांच्या निष्कर्षांचे सार असे, की पात्राशी बंध जेवढा घट्ट तेवढे दुःख अधिक. आणि ज्यांना खऱ्या आयुष्यातही जवळची माणसे दुरावण्याची धास्ती असते, त्यांना हे अधिक लागते. ‘फ्रेंड्स’ ही गाजलेली अमेरिकी मालिका २००४ मध्ये संपल्यावर कोहेन यांनी एका सहकाऱ्यासह तेथील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यातही एकटेपणा आणि दुःख यांचा संबंध दिसून आला. अर्थात हे दुःख खऱ्या माणसाच्या वियोगापेक्षा सौम्य असते, हेही या अभ्यासांतून पुढे आले.

आणखी एक कल्पना येथे उपयोगी पडते. केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ मध्ये ‘मान्यता नसलेला शोक’ असा विचार मांडला. काही दुःखांना समाज दुःख मानतो. तेथे भेटायला माणसे येतात, धीर देतात. काही दुःखांना तसा मान मिळत नाही. पाळलेला प्राणी गेला, जुने घर सुटले, दूरचा मित्र गेला, की ‘एवढे काय त्यात’ हे उत्तर ऐकावे लागते. दुःख लहान असले तरी ते लपवावे लागले की त्याचा भार वाढतो. मालिका संपल्याचे दुःख याच जातीचे आहे. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे: हसू नये.

गेले ते नेमके काय?

मालिका संपते तेव्हा ज्येष्ठ व्यक्तीच्या दिवसातून चार गोष्टी एकदम जातात. त्या वेगवेगळ्या पाहिल्या, तर काय भरून द्यावयाचे हे कळते.

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. निवृत्त माणसाच्या दिवसाला कार्यालयाची वेळ नसते. मग चहा, देवपूजा, वर्तमानपत्र, दुपारची झोप आणि संध्याकाळची मालिका हेच दिवसाचे टप्पे होतात. येथे एका गोष्टीकडे घरच्यांनी आवर्जून लक्ष द्यावे. पुष्कळ ज्येष्ठ आपली औषधे मालिकेच्या वेळेला जोडून लक्षात ठेवतात. ‘मालिकेचे गाणे लागले की रात्रीची गोळी’, ‘पहिल्या जाहिरातीला डोळ्यांत थेंब’, अशी त्यांची खूणगाठ असते. मालिका बंद झाली की ती खूण जाते, आणि रक्तदाबाची गोळी किंवा काचबिंदूचे थेंब चुकू लागतात. चूक लगेच कळत नाही. कधी कधी ती रक्तदाब वाढल्यावरच लक्षात येते. म्हणून मालिका संपण्याच्या आठवड्यातच विचारावे, ‘‘आई, तू रात्रीची गोळी कोणत्या वेळी घेतेस?’’ उत्तरात मालिकेचे नाव आले, तर ती गोळी दुसऱ्या एखाद्या पक्क्या गोष्टीला जोडून द्यावी. उदाहरणार्थ, रात्रीचे जेवण, दात घासणे किंवा देवापुढील दिवा. गोळ्यांची वारांप्रमाणे कप्पे असलेली डबी जेवणाच्या टेबलावर ठेवावी. औषधाची वेळ बदलावी लागणार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलण्याचा विषय. सकाळी फिरावयास जाताना, भाजी घेताना, लेकीच्या फोनवर ‘काल पाहिलेस का?’ या एका प्रश्नावर पंधरा मिनिटांचे बोलणे होत असते. वृद्धापकाळी बोलण्याचे विषय आपोआप दुखण्यांकडे वळतात, आणि ऐकणारा कंटाळतो. मालिकेमुळे दुखण्याखेरीज काही बोलता येत असे. ते गेले की फोन आखूड होतात.

तिसरी गोष्ट म्हणजे डोक्याचे काम. खुनी कोण, हे शेवटच्या जाहिरातीपूर्वी ओळखणे हा ‘सीआयडी’ पाहणाऱ्यांचा आवडता खेळ होता. धागे लक्षात ठेवणे, संशयितांची नावे जुळवणे, नातवाशी पैज लावणे यांत मेंदू गुंतलेला असतो. नुसते डोळे लावून बसणे आणि असे गुंतून पाहणे यांत फरक आहे.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पुष्कळ जोडपी एखादी मालिका वर्षानुवर्षे एकत्र पाहतात. त्यांपैकी एक जण गेल्यावर मागे राहिलेली व्यक्ती तीच मालिका एकटीने पाहत राहते. शेजारची खुर्ची रिकामी असली, तरी ती वेळ अजून दोघांची असते. अशा घरात मालिका बंद होणे म्हणजे दोघांमधील एक चालू राहिलेली गोष्ट थांबणे होय. आजोबा एखाद्या मालिकेसाठी डोळे पुसताना दिसले, तर ते आजींसाठी पुसत असण्याचा संभव फार असतो. अशा वेळी ‘दुसरी लावा’ म्हणण्याऐवजी ‘‘आजी कोणाला खुनी समजायची हो?’’ असे विचारावे, आणि मग स्वस्थपणे ऐकावे.

जगभरच्या चाहत्यांनी काय केले?

लाडकी मालिका बंद झाल्यावर माणसे कशी वागतात, याची जगातील सर्वांत बोलकी उदाहरणे विज्ञानकथांच्या मालिकांभोवती घडली आहेत. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळमालिका दुसऱ्याच वर्षी बंद होण्याच्या बेतात होती. तेव्हा चाहत्यांनी वाहिनीला पत्रे लिहिण्याची मोहीम काढली. एक लाखाहून अधिक पत्रे गेली, आणि अखेर मार्च १९६८ मध्ये वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावे लागले की मालिका पुढे चालू राहील. तरीही पुढच्याच वर्षी, ७९ भागांनंतर, ती बंद झालीच. मात्र चाहते पांगले नाहीत. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचा मेळावा भरला. काहीशे माणसे येतील अशी आयोजकांची अपेक्षा होती. आली तीन हजारांच्या घरात. पुढे १९७६ मध्ये त्यांच्याच पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ शटलला मालिकेतील यानाचे ‘एंटरप्राइझ’ हे नाव मिळाले.

ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ ही काळातून प्रवास करणाऱ्या वीराची मालिका १९६३ पासून चालू होती. सन १९८५ मध्ये ती दीड वर्ष थांबवण्याचा निर्णय झाला. त्यावर नाराज झालेल्या मंडळींनी एक गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे उत्पन्न कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्याचे ठरवले. मालिका १९८९ मध्ये बंद पडली आणि सोळा वर्षांनी, २००५ मध्ये, पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात चाहत्यांनी त्याच पात्रांवरील नवी पुस्तके वाचली, ध्वनिनाट्ये ऐकली, एकमेकांच्या भेटी चालू ठेवल्या.

आपल्याकडील उदाहरण तर आरोग्याशीच जोडलेले आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी दाखवली गेली. मालिका उत्तरकांड न दाखवताच संपणार, हे कळल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ज्यांनी सीतेला आश्रय दिला आणि लव-कुशांना वाढवले, त्या वाल्मीकींना आपले पूज्य पुरुष मानणारे बरेच जण त्या कामगारांत होते. त्यांची कथाच गाळली जाणार होती. संप इतर शहरांत पसरला, कचरा साचून रोगराईचे भय निर्माण झाले, आणि पुढील कथेचे भाग काढण्याचा निर्णय झाला. ते ‘उत्तर रामायण’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. माणसे गप्प बसली नाहीत आणि एकटी राहिली नाहीत. कोणाची मालिका परत आली, कोणाची बरीच वर्षे आली नाही. पण दुःख बोलून दाखवण्यास सोबती मिळाले आणि हातांना काही काम मिळाले. आपल्या घरातील ज्येष्ठांना हेच दोन्ही मिळत नाही. पत्र कोणाला लिहावे, हे त्यांना ठाऊक नसते, आणि समदुःखी माणूस शेजारच्याच इमारतीत असूनही भेटत नाही.

साधी हुरहुर की आजार?

मालिका संपल्यानंतर चार-आठ दिवस चुकल्यासारखे वाटणे, त्या वेळी वाहिन्या उगाच बदलत राहणे, थोडी चिडचिड होणे हे स्वाभाविक आहे. ते आपोआप ओसरते. परंतु उदासी, कशातच रस न वाटणे, जेवण कमी होणे, पहाटे फार लवकर जाग येणे, अंगदुखीच्या वाढत्या तक्रारी, ‘आता माझा काय उपयोग’ अशी भाषा, यांपैकी काही गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज दिसत असतील, तर ती नैराश्याची खूण असू शकते. अशा वेळी मालिकेला दोष देऊन थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. वृद्धापकाळातील नैराश्य हा वयाचा भाग नसून उपचारांनी सुधारणारा आजार आहे. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे एकदा जरी कानावर आले, तरी दोन आठवडे वाट पाहू नये. मानसिक आरोग्यासाठी शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी ‘एल्डरलाइन’ ही सेवा १४५६७ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

याच्या उलट बाजूही तपासावी. मालिका चालू असतानाच ज्येष्ठांनी ती पाहणे सोडले आणि ‘आता पूर्वीसारखी राहिली नाही’ असे कारण दिले, तर खरोखर मालिका बिघडली असेल. पण कदाचित त्यांना संवाद नीट ऐकू येत नसतील, मोतीबिंदूमुळे चेहरे ओळखू येत नसतील, किंवा कथेचा धागा लक्षात राहत नसेल. पूर्वी खुनी चटकन ओळखणारी व्यक्ती आता ‘हा कोण?’ असे वारंवार विचारू लागली, तर कान, डोळे आणि स्मरणशक्ती या तिन्हींची तपासणी करून घ्यावी.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. या आजारात काही रुग्णांना पडद्यावरील माणसे खोलीतच आली आहेत असे वाटते. ते त्यांच्याशी बोलतात, त्यांना चहा विचारतात, खुनाचे दृश्य पाहून घाबरतात. अशा व्यक्तीसाठी रात्रीच्या गुन्हेकथा टाळाव्यात. जुनी गाणी, कीर्तन, ओळखीच्या सौम्य मालिका लावाव्यात. एप्रिल २०२५ मध्ये ‘सीआयडी’च्या नव्या पर्वात एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवण्यात आला आणि वाहिनीने श्रद्धांजलीचे चित्रही प्रसिद्ध केले. चाहत्यांनी मोठी नाराजी व्यक्त केली. पुढे ते पात्र कथेत परत आले. साटम स्वतः सुखरूप होते, पण भ्रमणध्वनीवर फिरणारे ते चित्र पाहून एखाद्या आजींना नट खरोखरच गेला असे वाटणे अगदी शक्य होते. ‘‘गोष्टीत गेले, माणूस ठीक आहे,’’ हे एक वाक्य जवळच्याने शांतपणे सांगावे. वाद घालू नये.

ती वेळ कशी भरावी?

मालिका संपणार हे कळताच पुढील गोष्टी कराव्यात.

शेवटचा भाग एकत्र बसून पाहावा. मुले-नातवंडे दूर असतील, तर त्या वेळी फोनवर असावे. एवढ्याने निरोपाला निरोपाचे स्वरूप येते.

त्यानंतरचा पहिला आठवडा ती वेळ मोकळी सोडू नये. त्याच घटकेला लेकीने फोन करावा, नातवाने पत्त्यांचा किंवा बुद्धिबळाचा डाव मांडावा, एखादे रहस्यकथेचे पुस्तक रोज चार पाने मोठ्याने वाचावे. ऐकणाऱ्याने खुनी ओळखावा. ज्याला डोक्याचे काम आवडत होते, त्याला तसेच काम द्यावे. भक्तिगीतांची तबकडी लावून देऊ नये.

जुने भाग पाहण्यास हरकत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सगळ्या मालिकांचे चित्रीकरण थांबले, तेव्हा २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवण्यात आले आणि कित्येक घरांना त्या दिवसांत आधार वाटला. ओळखीची गोष्ट मनाला स्वस्थता देते. मात्र एकापाठोपाठ एक भाग आपोआप लागत राहतील अशी सोय असल्यास ती बंद करावी. पूर्वी आठवड्याला मोजके भाग होते, आता एका रात्रीत सहा पाहता येतात. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढील साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींचा सहा वर्षांच्या अंतराने अभ्यास झाला. त्यात दिवसाला साडेतीन तासांहून अधिक काळ दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांची शब्दस्मृती अधिक घटलेली आढळली. यावरून दूरचित्रवाणी हेच कारण, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण मर्यादा ठेवण्यास एवढे पुरेसे आहे.

प्रत्येक जाहिरातीला उठावे. खुर्चीचा आधार घेऊन टाचा वर-खाली कराव्यात, घरातल्या घरात फेरी मारावी. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुडघे किंवा हृदय यांचा त्रास असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

पडद्यासमोर बसून जेवण्याची सवय असेल, तर ती सोडण्याची हीच वेळ आहे. पक्षाघात किंवा कंपवातानंतर गिळण्यास त्रास होणाऱ्यांना पडद्याकडे पाहत जेवताना ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्यांनी तर समोर कोणी बसलेले असताना, सावकाशच जेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समदुःखी शोधावेत. नवी मुंबई महानगरपालिकेची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रे आपल्या विभागांतून चालतात, ज्येष्ठ नागरिक संघही आहेत. सकाळी नेरुळच्या किंवा वाशीच्या उद्यानांत फिरणारी मंडळी आहेतच. तेथे एखाद्या दिवशी ‘‘ती मालिका बंद झाली, तुम्ही पाहत होतात का?’’ असा प्रश्न टाकून पाहावा. दहांतले चार जण बोलू लागतील. महिन्यातून एक दुपार जुना भाग एकत्र पाहण्याची आणि खुनी ओळखण्याची ठेवली, तर चाळीतला तो जुना मजला पुन्हा भरल्यासारखा होईल. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या घरी दोघांनी जावे.

ज्येष्ठांनीही एक करावे. आपल्याला वाईट वाटते हे मुलांना सांगावे. ‘त्यांना वेळ नाही’, ‘ते हसतील’ असे आपणच ठरवून गप्प बसू नये. आणि दिवसाचा सारा आधार एकाच मालिकेवर ठेवू नये. एक वेळ पडद्याची असेल, तर एक वेळ माणसांची असावी.

‘सीआयडी’ सहा वर्षांनी, २१ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली. प्रद्युम्न, अभिजित, दया पुन्हा दिसले. फ्रेडरिक्स मात्र दिसला नाही. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये वारले होते. पाहणाऱ्यांमध्येही त्या सहा वर्षांत कित्येक खुर्च्या रिकाम्या झाल्या असतील. मालिका परत आणणे आपल्या हातात नसते, आणि ती परत आली तरी पूर्वीचा तो सोबती शेजारी असेलच असे नाही. ज्या घटकेला आपले आई-वडील पडद्यासमोर बसतात, त्या घटकेला आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या शेजारी जाऊन बसणे हे मात्र आपल्या हातात आहे. मालिका चालू असतानाच हे सुरू केले, तर ती संपेल त्या दिवशी घरात बोलावयास कोणीतरी असेल.